छाट

पेपरात आलं ते तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात,
पंपसेटच्या जाहिरातीला टेकून:
सोमवारी लोकसभेत सहा विधेयकं मांडली,
चार समित्यांकडे पाठवली.
चौथं होतं घरबसल्या काम करणाऱ्या बायांचं.

निपाणीत, स्टँडमागं, माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटीवर वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
मधे रंगाऱ्याचा फोन नंबर.
दुपारी कारखान्यात माल देऊन परतताना
तिघी पायरीवर टेकतात, पंख्याच्या वाऱ्याला.
मी वाचून दाखवते.

"बिल आलंय," म्हटलं.
"कितीचं?" शेवंताक्का.
"हेस्कॉमचं न्हवं गं. दिल्लीचं. तुमचं."
"मग कुठाय?"
"समितीकडं गेलंय."

झालं. पायरी गप्प.
आमच्याकडं समिती म्हणजे एकच.
तिचं हापिस, तिची वर्गणी,
एक नोव्हेंबरची काळी फीत,
जी शेवंताक्का धुऊन, घडी घालून
साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवते पुढच्या सालासाठी.
"मग गेलंच की," ती म्हणाली.
"आमचा बाबा जन्म काढला समितीत.
तारीख पडलीया. तो गेला, तारीख हाय."

ही निराळी, मी समजावलं.
एकतीस माणसं, लांब टेबल,
एकेकापुढं पाण्याची बाटली.
एकेक कलम उचलणार, दाबून बघणार,
पोकळ आहे का, दोरा सुटलाय का.

"छाट निकालते बोल की," जैतून हसली.
मुकादम कसा, हजाराचा गठ्ठा सोडतो,
अंगठ्यानं चेपतो, आणि शंभरेक
निमूट आपल्या बाजूला सारतो.
त्यांची मजुरी नाही.
पण त्या बिड्या काय तो फेकून देत नाही.
तंबाखू तीच, पान तेच, ओढणाऱ्याला धूर तोच.

"फिर छाटे सो कलमां," तिनं विचारलं,
"वो किधर जाते?"

मला येत नव्हतं. अजून येत नाही.

समितीनं सूचना मागवल्या होत्या:
पंधरा दिवस, दोन प्रती,
हिंदी किंवा इंग्रजी.
तायव्वा कन्नडमधून सांगत गेली, जैतून तिच्या बोलीत,
शेवंताक्का मराठीत, मधेच शिवी देऊन,
आणि मी चौथ्याच भाषेत टाइप करत गेले,
जी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.
"छाट"ला शब्द मिळेना.
"अस्वीकृत" लिहिलं, खोडलं.
शेवटी छाटच ठेवलं, अवतरणात,
म्हणजे एकतिसांतला एक तरी
शेजाऱ्याला विचारेल, हे काय.

खाली सह्या. तायव्वानं नाव काढलं
गोल गोल, वळीव बिडीसारखं घट्ट,
आणि टोक आत मुडपलं.

पाकीट पोस्टात टाकून आता आठ महिने.
पेपरात आलं परवा: समितीला मुदतवाढ,
पुढच्या अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत.
शनिवारी हप्ता घेऊन येताना तायव्वा
दारातूनच विचारते, "बरतैतेन?"
येतंय काय, एवढंच.
मी मान हलवते, तिला हवी तशी ती वाचते.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोलले नाही.
ते पाकीट रात्रभर जैतूनच्या घरी होतं,
सुपाखाली, भुकटीच्या डब्याशेजारी.
सकाळी डिंक लावताना
मलाच तीन शिंका आल्या.

दिल्लीत ते कुणीतरी उघडलं असेल.
बंद खोली, एसी, कारकून असेल किंवा सभासद.
शिंकला असेल.
पुन्हा शिंकला असेल.

तिथं सगळं लिहून घेतात म्हणे,
कोण हजर, कोण गैरहजर, कोण काय म्हणालं.
शिंक लिहून घेतात का,
तेवढं कुणीतरी सांगा.